समजलं का?

एकवीस वर्षं मी उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवतोय. तास संपताना विचारतो, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग म्हणतो, "हो सर." निकाल वाईट लागला की मी पोरांच्या आळसाला शिव्या घालतो. असा सगळा सुखाचा संसार चालला होता.

त्यात प्राची मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण वर्गात मोबाइल वापरून कसं शिकवायचं, ते आम्हाला शिकवायचं काम प्राचार्यांनी त्यांच्यावर सोपवलेलं. तासाच्या शेवटी पोरांनी आपापल्या फोनवर 'हो' किंवा 'नाही' दाबायचं, आकडे लगेच पडद्यावर.

"नाव येत नाही सर कुणाचं," त्या म्हणाल्या. "त्यामुळे पोरं एकदम खरं बोलतात."

मी सबबी शोधायला लागलो तो इथेच. मी म्हटलं, पोरांकडे नेट नसेल. त्या म्हणाल्या, कॉलेजचं वायफाय आहे. मी म्हटलं, परीक्षा नऊ दिवसांवर आलीय. त्या म्हणाल्या, म्हणूनच सर. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलंय ते तेव्हा आठवलं.

गुरुवारी प्राची मॅडम वर्गात येऊन बसल्या आणि तास संपवून मी पडद्याकडे पाठ करून उभा राहिलो. चौसष्ट पोरं माना खाली घालून फोनवर बोटं फिरवत होती आणि आता आपण उघडे पडणार, एवढंच मला कळत होतं.

"सर, थोडं बाजूला व्हा ना, दिख नहीं रहा," मागच्या बाकावरून नूतन म्हणाली.

वळून पाहिलं. हो, तीन. नाही, एकसष्ट.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, मला ओरडता आलं असतं. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि तेही घाबरलेले होते. प्राची मॅडम हळूच म्हणाल्या, "कुठपासून समजलं नाही ते विचारूया का?" मी नको म्हणायच्या आत त्यांनी प्रश्न पाठवला.

उत्तरं एकाखाली एक येऊ लागली. पहिल्या दिवसापासून. पहिल्या तासापासून. स्टार्टिंग से. पहिल्या दिवसापासून.

"मग विचारलं का नाही?" मी म्हणालो. रागानं म्हणायचं होतं, पण विनवणी केल्यासारखं बाहेर पडलं.

माना पुन्हा फोनवर वाकल्या. पडद्यावर एक ओळ आली. 'तेजलने विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बारावी पास कशी झालीस, जा गुरं राख. ती परत आलीच नाही.'

मला ती मुलगी आठवली नाही. सांगायला लाज वाटते. वाक्य मात्र आठवलं, कारण ते मी दर वर्षी कुणाला ना कुणाला म्हणतो. हजेरीपट उघडला. तेजल, गाव चामटोली, पुढे फोन नंबर. जुलैपासून रोज तिचं नाव पुकारून मीच गैरहजर लिहिलं होतं.

स्टाफरूममध्ये येऊन तिचा नंबर लावला. रिंग वाजत असताना वाटत होतं, तिनं उचलू नये. तिनं उचलला. मागे कसल्याशा कारखान्यातलं मशीन चालू होतं.

"तेजल, देवदत्त सर बोलतोय, गणिताचे. तू वर्गात एक शंका विचारली होतीस. काय होती गं ती?"

मशीनचा आवाज लांब गेला, ती बाजूला आली असावी.

"नाय सर," ती म्हणाली. "माझी कायच शंका नव्हती. मी नाय विचारलं."

कॉलेज सोडून तिला तीन महिने झाले होते आणि ती अजून मला घाबरत होती.