बैठक वरच्या अंगाला

“चाचा, बाहेर या. गाडी पाहा जरा.”

रहेमतुल्लानं भात्याची दोरी सोडली. डॉक्टरीणबाईंची मोटार भट्टीसमोर उभी होती आणि पुढून डाव्या अंगाला चांगलीच कलली होती. काल संध्याकाळी तिच्या पुढच्या चाकांवर नव्या स्प्रिंगा त्यानंच बसवल्या होत्या.

बुलढाण्यात टांग्याच्या कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हटल्या की रहेमतुल्ला, हे तीस वर्षं ठरलेलं. पण दुसरी मोठी लढाई संपली, मलकापूर स्टेशनापर्यंत मोटारी धावू लागल्या आणि टांगे एकेक करून मोडीत निघाले. भट्टीवर आता फक्त विळे नि कुदळी येत. मोटारीचं हे आयुष्यातलं पहिलं काम. जमलं तर भट्टी पेटती राहणार होती. फसलं तर बाई गाडी अकोल्याला धाडणार आणि गाव म्हणणार, म्हाताऱ्याचा हात गेला.

त्यातून हाक मारणारा कोण, तर तुळशीराम! हा बाईंचा ड्रायव्हर पूर्वी टांगा हाकायचा. त्यानं घोडा विकला तेव्हा रहेमतुल्लानं भर चौकात त्याला बेईमान म्हटलं होतं. तेव्हापासून तीन वर्षं अबोला. काल मुंबईहून आलेलं स्प्रिंगांचं पार्सलसुद्धा त्यानं मुकाट्यानं ओट्यावर ठेवलं होतं. आता हा चारचौघांत उट्टं काढणार, असं रहेमतुल्लाला वाटलं.

पण तुळशीराम सरळ गाडीखाली शिरला. मग रहेमतुल्लाही गुडघे सांभाळत शिरला.

“दोन्ही उलट्या बसल्या, चाचा. डावी त सरकली बी.”

“काय बोलून राह्यला बे? चपटं तोंड खाली बसवलं म्या. बैठक खालीच असते!”

आणि त्यात खोटं काय होतं? ऐरण घ्या, घमेलं घ्या, लोटा घ्या. ज्याला बूड आहे ते बुडावर बसतं. स्प्रिंगांच्या या गुंडाळ्यांचं एक टोक घासून सपाट केलेलं होतं, दुसऱ्या टोकाला तारेचं शेपूट मोकळं सुटलेलं. हातानं डोक्याला न विचारताच सपाट बाजू खाली घातली होती.

“हिची बैठक वरच्या अंगाले हाये,” तुळशीराम म्हणाला. “खालच्या वाटीत पाहा, खाच हाये. ते शेपूट तिथं अडकते. नाही त घाटातल्या वळणावर…”

रहेमतुल्लानं वाटीत बोट फिरवलं. खाच होती. काल ती काळ्या ग्रीसनं भरलेली होती आणि त्यानं पुसूनही पाहिलं नव्हतं. आवाज खाली आणून त्यानं विचारलं,

“बाईले सांगितलं?”

“टायर पंचर झाला म्हटलं. दुपारी निघाचं हाये मलकापूरले. तवरोक उलटवून घेऊ.”

रहेमतुल्ला गाडीखालून बाहेर सरकला. मग म्हणाला, “जॅक लाव.”

दोघांनी साखळीनं स्प्रिंगा आवळल्या, उतरवल्या, खाचा पुसल्या, शेपटं त्यांत नीट बसवली. रहेमतुल्लाची बायको अमीरबी चहा घेऊन आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. “या अल्ला! तीन साल एकमेकाचं तोंड नाही पाहिलं, अन् आज दोघं एकाच गाडीखाली?”

“चहा ठेव अन् जा,” नवरा गाडीखालून ओरडला. ती हसत गेली.

दुपारी डॉक्टरीण अन्नपूर्णाबाई हातात बॅग घेऊन चालत आल्या. दोन रात्री बाळंतिणींपाशी जागलेल्या, डोळे लाल. “निघालं का पंक्चर?”

“हाव बाई,” तुळशीराम म्हणाला.

रहेमतुल्लानं नुसतं गप्प राहायचं होतं. गाडी सरळ उभी होती, कुणाला काही कळलं नसतं. पण त्याच्यानं राहवेना.

“पंचर नव्हतं, बाई. म्या स्प्रिंगा उलट्या बसवल्या होत्या. यानं मायी लाज राखली.”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “मी गाडी अकोल्यालाच पाठवणार होते. हा हटून बसला. म्हणाला, चाचांशिवाय कुणाला हात लावू देणार नाही.” मग त्यांनी गाडीकडे मान वळवली. “आता घाट उतरेल ना?”

रहेमतुल्लानं हात धुतले, टोपी चढवली आणि पुढचं दार उघडून तुळशीरामच्या शेजारी जाऊन बसला. टांग्याला नवी कमान घातली की पहिल्या फेरीला कारागीर स्वतः बसायचा. त्याशिवाय कुणी टांगेवाला घोडा जुंपत नसे. काल त्यानं ते टाळलं होतं. मोटार काही आपली नाही, असं मनात आलं होतं.

राजूर घाटाच्या पहिल्या वळणाला त्यानं दोन्ही पाय फळीवर घट्ट रोवले. गाडी खाली दबली आणि अलगद वर आली. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला त्यानं पाय सैल सोडले.

“तुळश्या,” तो म्हणाला. “चौकात तुले नाही नाही ते बोललो. अन् तू मले आज वाचवलं. तुये उपकार कसे फेडू बाप्पा?”

“हळू बोला, चाचा.”

“काऊन?”

तुळशीरामनं आरशाकडे बोट दाखवलं. रहेमतुल्लानं मागं वळून पाहिलं. रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा होता, गाडी वळणावर वळणं घेत होती, आणि बाई बॅग मांडीवर धरून, मान खिडकीला टेकवून गाढ झोपल्या होत्या.