भुताच्या पुस्तकाची वही

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, आखीव, निळ्या पुठ्ठ्याची. धाड गावच्या बाजारातल्या एका दुकानात मी कित्येक महिने पडून होते. शेजारच्या वह्या शाळेत गेल्या, दूधवाल्यांकडे गेल्या. मला प्रतिमाताईंनी उचललं आणि माझं नशीब वेगळं निघालं.

प्रतिमाताई गावातल्या एका लहानशा वाचनालयाच्या ग्रंथपाल. रोज बुलढाण्याहून एसटीने यायच्या, पदर खोचून आधी धूळ झटकायच्या. पुस्तकं बरीच आणि वाचणारे थोडे, अशी तिथली तऱ्हा. एक पुस्तक मात्र कपाटात टिकायचं नाही. शंभरेक वर्षांपूर्वीची विलायती भयकादंबरी होती ती, मराठीत आणलेली. कव्हर कधीच फाटलं होतं, त्यामुळे नाव कोणी घेत नसे. सगळे "भुताचं पुस्तक" म्हणत. ते परत करताना लोक टेबलाशी उभं राहून वाद घालायचे. ताईंना वाटलं, हे सगळं हवेत जातंय, कुठेतरी उतरायला हवं. म्हणून मी आले. माझ्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, "हे पुस्तक वाचून मनात जे आलं ते लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल." मग सुतळी ओवून मला पेनासकट टेबलाच्या कडेला अडकवलं.

ते पुस्तक मी स्वतः कधी वाचलेलं नाही. मला कळलं ते लिहिणाऱ्यांच्या हातून. दलदलीच्या काठी एक मोठं घर आहे म्हणे. घराचा मालक मरतो, पण घर सोडत नाही. तो दिसतो फक्त एका मोलकरणीला. ती सांगत सुटते, कोणी ऐकत नाही, आणि शेवटी तिलाच वेडी ठरवून घालवून देतात.

सगळ्यांत आधी लिहिलं रामरावांनी, ते निवृत्त तलाठी. "भूत एकशे दहाव्या पानावर येते. तोवर नुसते धुके आणि चहा. वाचकाचा वेळ वाया." त्याखाली कॉलेजात जाणाऱ्या सारिकाने लिहिलं, "मला धुक्याचीच भीती वाटली. भूत आल्यावर उलट बरं वाटलं, निदान कळलं तरी." पुढच्या खेपेला रामरावांनी त्याच्या कडेला पेन्सिलीने शेरा मारला, "तरुणांना काहीही आवडते." एकाने तक्रार केली की 'ती स्तंभित झाली' हे वाक्य पुस्तकात तीस वेळा आलंय. आणखी एकाने लिहिलं, "मोलकरीण खोटारडी वाटते. मालकिणीच्या दागिन्यांवर डोळा असावा." या मताखाली तिघांनी "सहमत" लिहिलं. मला गंमत वाटायची. पुस्तक एकच, पण प्रत्येकजण त्यातून आपल्या घरचंच काहीतरी घेऊन जायचा.

मग कौशल्याबाई आल्या.

त्या देऊळघाटच्या. साठीच्या पुढच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. बाजाराच्या दिवशी जीपने भाजी घेऊन यायच्या आणि माल संपला की वाचनालयाच्या पंख्याखाली टेकायच्या. एकदा ताईंनीच त्यांच्या हातात ते पुस्तक दिलं. "मावशी, वाचून तर पाहा." बाईंनी ते घरी नेलं नाही. दर बाजाराला तिथेच बसून, ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून वाचलं. आठ बाजार लागले. नवव्या बाजाराला त्यांनी मला पुढ्यात ओढलं. इतकं दाबून लिहिलं, की अक्षरं पुढच्या दोन पानांवर उमटली.

"सारे म्हनतात भूत कधी येते. मले भुताचं काही नाही वाटलं. मले त्या पोरीचं वाटलं. मी लगन होऊन आली तवा सतरा वर्साची होती. थोरला दीर माह्या खोलीत ये. सासूले सांगतलं तर म्हने तुले भास होतात. नवरा गप बसला. अजून एक डाव सांगतलं तर मांत्रिक बोलावला. माह्या अंगात भूत हाय म्हनून मिरचीची धुरी देली, फोकानं मारलं. भूत माह्या अंगात नव्हतं. ते ओसरीवर बसून चहा पेत होतं. पंचेचाळीस वर्सं झाले, कोनाले सांगतलं नाही. हे पुस्तक ज्यानं लिवलं त्याले कसं काय ठाऊक?"

ताईंनी ते वाचलं. त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मावशी, हे पान मी कोणाला दाखवणार नाही. शप्पथ."

"तुमच्यावर भरोसा हाय म्हनून तं लिवलं, ताई," बाई म्हणाल्या. पिशवी उचलली आणि जीप पकडायला गेल्या.

त्याच संध्याकाळी ताईंनी त्या पानाच्या कडा डिंकाने मागच्या पानाला चिकटवल्या, मला सुतळीतून सोडवलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. मला ताईंचा अभिमान वाटला. आपण योग्य हातात आहोत, असं वाटलं.

दिवाळीनंतर बुलढाण्याला वाचन मेळावा होता. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांनी आपापल्या वाचकांविषयी पाच मिनिटं बोलायचं होतं. ताईंनी मला पिशवीत घेतलं. आपली मतं शहरात ऐकली जाणार म्हणून मी खुशीत होते. व्यासपीठावर त्यांनी रामरावांचं धुकं आणि चहा वाचला, थोडे लोक हसले. सारिकाचं वाचलं, लोक आपसात बोलायला लागले. कोणी उठून चहाला निघालं. ताईंचा आवाज खाली गेला.

मग त्यांचं नख त्या चिकटवलेल्या कडेखाली शिरलं.

मला वाटलं, थांबतील. त्या थांबल्या नाहीत. पान टरकन सुटलं. "आता एका वाचक आजींचं ऐका. देऊळघाटच्या आहेत, भाजी विकतात," असं म्हणून त्यांनी सगळं वाचलं. चहाला निघालेले परत येऊन बसले. नंतर किती टाळ्या! ताईंच्या खांद्यावर शाल आली, हातात सन्मानचिन्ह आलं. आणि समोरच्या रांगेत कोणीतरी मोबाइल धरून बसलेलं होतं.

देऊळघाटच्या, भाजी विकणाऱ्या आणि धाडच्या वाचनालयात बसणाऱ्या अशा किती आज्या असणार? चार दिवसांत तो व्हिडिओ देऊळघाटभर फिरला. कौशल्याबाईंचे थोरले दीर अर्जुनराव, घरातल्यांचे 'मोठे बापू', आता गावातले मानाचे माणूस, मंदिराच्या समितीवर.

पुढच्या बाजाराला कौशल्याबाई आल्या तेव्हा हातात भाजीची पिशवी नव्हती. सोबत मुलगा होता, अविनाश. त्याने चप्पलही काढली नाही.

"कुठी हाय ते वही?"

ताईंनी मला खणातून काढून टेबलावर ठेवलं. "मावशी, मी तुमचं नाव घेतलं नाही हो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमची गोष्ट सगळ्यांपर्यंत..."

"ताई," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पाणी आलं त्याचं मले काय करा लागते? मले एक डाव इचारलं काऊन नाही? मी नाहीच म्हनली असती असं थोडीच हाय. पन इचारलं काऊन नाही?"

ताई नुसत्या आपल्या पदराला शालीसारख्या घड्या घालत राहिल्या.

"ते जाऊ दे," अविनाश मध्येच म्हणाला. "माय, पेन घे. लिही, हे सारं पुस्तक वाचून मनानं रचलं. खरं काहीच नाही. सही कर. मी फोटो काढून मोठ्या बापूले धाडतो. विषय खतम."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. "तुले बी असंच वाटते? म्या रचलं?"

"मले काय वाटते त्याचा सवाल नाही ना, माय. घरात राहाचं हाय का नाही आपल्याले?"

बाई खुर्चीवर बसल्या, मला जवळ ओढलं आणि त्यांच्या मजकुराखाली लिहायला लागल्या. अविनाशने मोबाइल तयार ठेवला. मी जीव मुठीत धरून होते. पेन टेकलं, सरकलं.

"वरचं सारं खरं हाय. कौशल्याबाई, देऊळघाट."

अविनाश वाकून वाचायला लागला तोवर त्या दाराबाहेर पडल्या होत्या. त्याने फोटो काढला नाही. "पागल झाली बुढी," एवढंच म्हणून तो त्यांच्या मागे धावला.

त्यानंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत. बाजारात बसतात, असं लोकांच्या बोलण्यातून कळतं. जीपने एकट्याच यायच्या, एकट्याच जायच्या.

वाचनालयाचे अध्यक्ष वामनराव, ते अर्जुनरावांचे व्याही. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "हे वही पुन्हा कोणाच्या नजरेले पडली नाही पाहिजे." ताई मान हलवून आल्या आणि मला टेबलामागच्या लोखंडी कपाटात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली घातलं. कुलूप लावलं. भुताचं पुस्तक अजून लोक नेतात, आणून देतात. मतं पुन्हा हवेत जातात. सुतळीला आता नुसतं पेन लटकत असेल.

एवढ्यावरच माझं जगणं संपलं असतं तर मी काही बोलले नसते. पण गेल्या आठवड्यात एक बाई आली. आवाज नवा होता.

"मी अनुपमा. कौशल्याबाईची सून. अविनाशची घरवाली."

ताई दचकून उभ्या राहिल्या, खुर्ची मागे सरकलेली मी ऐकली.

"घरात सारे म्हनतात, बुढीनं रचलं. मले तसं वाटत नाही, ताई. लग्न झालं तवापासून पाहून राह्यली, मोठे बापू आले की त्या चुलीपासून हलत नाहीत. मले तोंडानं त्यायले इचारता येत नाही. म्हनून म्हटलं, त्यायच्या हातचं पाहून घ्यावं. एकच पान दाखवा. वाचते, मंग त्यायच्यापाशी जाऊन बसते."

कपाटापासून ताई दोन हातांवर होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला होती. हलली की किणकिणते. ती किणकिणली, आणि थांबली.

"ती वही हरवली," ताई म्हणाल्या.

अनुपमा म्हणाली, "बरं," आणि तिची पावलं बाजाराच्या गलबल्यात गेली.

म्हणून मी तुम्हाला सांगतेय. वाचनालयात गेलात तर ताईंवर ओरडू नका. त्या रडतात, मी ऐकते. पण आता बाजारात सूनही सासूच्या शेजारी बसते, असं ऐकते. मेथीच्या जुड्यांपाशी त्या दोघी तुम्हाला दिसल्या, तर सुनेला बाजूला घेऊन तेवढं सांगा. मी हरवलेली नाही. लोखंडी कपाट, खालचा कप्पा, वर्तमानपत्रांच्या खाली. आणि ते खरं आहे.