शिगेची पायली

मित्रांनो, अण्णाजींच्या लेकीचं, अंकिताचं, लग्न केळझरच्या गणपतीसमोर लागलं, त्याच वर्षी त्यांनी शेततळं खोदून मासे सोडले. मी त्यांच्या घरची जुनी पायली. सेलूच्या बाजारात पत्र्यापासून घडलेली. ज्वारी, तूर मोजण्यात माझी उमर गेली. अण्णाजी मला काठाशी भरून कधी थांबले नाहीत, वर दाण्यांची शीग चढवूनच देत. सपाट माप देणं त्यांना कंजूषपणाचं वाटे. गावात माझं कौतुक होतं. मग वजनकाटा आला आणि मी कोठीत धूळ खात पडले.

तळ्यामुळे मला पुन्हा काम मिळालं. माशांना रोज एक पायली खाद्य टाकायचं, असं अण्णाजींना मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं.

भादव्यात मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. मग मरून तरंगू लागले. शेजारी लहानू, अण्णाजींचा बालपणापासूनचा सोबती, कपाशी फवारत होता.

"त्यानंच पंप धुतला असन तळ्यात," अण्णाजी म्हणाले.

"तुम्ही पाह्यलं का?" आनंदाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, विचारलं.

"पाहाले काय लागते?"

तेव्हापासून ते बांधावरची पावलं तपासत, पाणी ओंजळीत घेऊन हुंगत. मलाही उलटी करून आत कोणी काही चोपडलं का ते पाहत.

एक दिवस लहानू सायकलवर खडेमिठाचं पोतं घेऊन आला. "अण्णा, माह्या साळ्याच्या तळ्यात असंच झालतं. खाद्य बंद कर, ताजं पाणी सोड अन् थोडं मीठ टाक."

"गोड्या पाण्यातल्या मासोळ्यायले मीठ? उरलेल्याही मारतं का?"

"मंग चाखून पाह्य ना." लहानूनं हसत एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

अण्णाजींनी पोतं उचलून बांधापलीकडे फेकलं. लहानूचं हसू मावळलं. त्यानं सायकल वळवली.

शेवटी आनंदाबाईंनी मत्स्यशेती शिकवणाऱ्या जागृतीला बोलावलं. तिनं पाणी तपासलं.

"विष कोणी नाई टाकलं, काका. पाण्यात अमोनिया वाढला. किती खाद्य टाकता?"

"एक पायली."

"भरून दाखवा बरं."

अण्णाजींच्या हातानं सवयीनं शीग चढवली. जागृतीनं तळवा फिरवून ती खाली पाडली.

"हे वरचं रोज तळाशी सडून राह्यलं. त्यानंच मासे मेले. आता खाद्य थांबवा, पाणी बदला. मी सांगीन तेवढंच मीठ टाका. जास्त झालं तर तेही बाधते."

आनंदाबाई बांधापलीकडे गेल्या आणि फाटलेल्या पोत्यातलं मीठ भरून आणलं. उरलेले मासे हळूहळू सावरले.

"लहानूभाऊले सांगून या," त्या म्हणत.

"जातो. कापूस निघू दे."

मित्रांनो, मला भराल तेव्हा काठावरून हात फिरवा. आणि माणसावर संशय घेण्याआधी आपलं माप पाहा. अण्णाजी लहानूकडे काही गेले नाहीत. पहिली वेचणी चालू असताना, कार्तिकात, लहानू वारला.