चर्चमधल्या बाकावरची रिकामी जागा

मी चर्चमधला बाक बोलतोय. स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही, कारण माझा एक पाय आखूड आहे. कोणी टेकलं की मी डुगडुगतो, आणि कोणी टेकलं नाही की आतल्या आत कुढतो.

झरीकडच्या जंगलातला मी सागवान. कळंबजवळच्या एका मिशन दवाखान्यात सुतारानं मला घडवलं ते रोग्यांसाठी, चौघांना पुरेल एवढा लांब. पण १९५६ साली अमेरिकेहून मिसबाई आल्या, दवाखान्याच्या मुख्य नर्स. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मला उचलून शेजारच्या चर्चमध्ये ठेवलं. मंडळी सतरंजीवर आणि मिसबाई एकट्या माझ्यावर. 'इथं बसू नका' असं कोणी कधी म्हटलं नाही. पण न सांगितलेलं माणसांना लवकर कळतं.

त्याच वर्षी दवाखान्यातल्या आया तुळसाबाई यांचा धाकटा भाऊ धर्मपाल बौद्ध झाला. तुळसाबाईंच्या घरी आजोबांपासून येशू होता. बहीणभाऊ जेवायचे एका ताटात आणि भांडायचेही त्याच ताटावर.

१९६० च्या उन्हाळ्यात धर्मपाल वर्तमानपत्र घेऊन आला. तुळसाबाई चर्च झाडत होत्या. त्यानं दारातूनच बातमी वाचून दाखवली. अमेरिकेत काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खाणावळीत जाऊन बसत होते. शिव्या खात होते, मार खात होते, पण उठत नव्हते आणि हातही उगारत नव्हते.

"अक्का, तुह्या मिसबाईच्या देशातलं हाय हे," तो म्हणाला. "तिले विचार, येशूच्या नजरेनं हे बरोबर का चूक. अन् तू त्या बाकावर बसून दाखव. तुले उठवलं, तं हे चर्च सोड अन् माह्यासंग विहारात चाल."

"अन् नाही उठवलं तं?"

"तं मी पुन्हा तोंड नाही उघडणार."

तो आठवडा मला काढवेना. तुळसाबाई मला पुसायच्या, तळहात टेकवायच्या आणि चटका बसल्यासारखा उचलायच्या. एका बाईची जन्माची श्रद्धा माझ्यावर टांगलेली, आणि मला धड उभंही राहता येत नव्हतं.

रविवारी प्रार्थना झाली. धर्मपाल दारात येऊन उभा राहिला. तुळसाबाईंनी मिसबाईंना त्या बातमीचं विचारलं.

"त्यांचे दुःख खरे आहे," मिसबाई आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "परंतु येशूने दुसरा गाल पुढे करण्यास शिकवले. नको म्हटलेल्या जागी जाऊन बसणे हा हट्ट आहे. ख्रिस्ती मनुष्याने धीर धरावा."

"मिसबाई, ते मार खाऊन राह्यले अन् हात नाही उचलून राह्यले. मंग गाल पुढं करणं आनखी कसं असते?"

असं विचारून तुळसाबाई उठल्या, पदर सावरला आणि माझ्या कडेला टेकल्या. मी डुगडुगलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मिसबाई ताडकन उठल्या. धर्मपालनं चपला पायात सरकवल्या. पण मिसबाई दाराकडे गेल्या नाहीत. कण्हत कण्हत त्या सतरंजीवर बसल्या.

"तुम्हा सर्वांना खाली बसणेच आवडते, असे मी इतकी वर्षे समजत होते," त्या म्हणाल्या. "माझे चुकले. आता मी खाली बसेन."

मंडळी सुखावली. मलाही वाटलं, चला, सुटलो. तुळसाबाईंना तसं वाटलं नाही.

"तुमी उठल्या तं मी एकटीच राह्यली इथं," त्या म्हणाल्या. "ते पोट्टे एकटं बसाले मार नाही खाऊन राह्यले. वर या, मिसबाई. माह्या बाजूले बसा."

मिसबाईंचा चेहरा लाल झाला. खाली उतरणं त्यांना जमलं होतं. वर येऊन शेजारी बसणं जड गेलं. शेवटी तुळसाबाईंनी हात दिला आणि त्या आल्या. धर्मपालनं चपला काढल्या. आत आला नाही, पण दिला शब्द पाळला.

आता मिसबाई मायदेशी गेल्यात आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात आलोय, ज्यांच्यासाठी घडलो त्यांच्याजवळ. पण काल एक पांढऱ्या धोतराचे गृहस्थ मधोमध बसले आणि बाजूला पिशवी ठेवली. समोर एक बाई तापलेलं लेकरू घेऊन उभी होती. मी डुगडुग डुगडुगलो. गृहस्थ वैतागले, वाकले आणि माझ्या आखूड पायाखाली विटेचा तुकडा सारला.

वीट नको, बाबांनो. पिशवी मांडीवर घ्या आणि थोडं सरका.