न्हाव्याची दाढी

“शेंगदाणेवाला पडणार, सिराज. आजच सांगून ठेवतो,” रावजी म्हणाला आणि गिऱ्हाइकाच्या हनुवटीखालचा फेस त्याने वस्तऱ्याने अलगद उचलला.

पडद्याआडच्या खोलीत शेवंती एकट्या राहणाऱ्या कामगारांचे डबे भरत होती. तिचा स्वतःचा मंगळवारचा उपास. आखातातल्या मनामाच्या गल्लीतलं हे दुकान म्हणजे पुढे दोन खुर्च्या आणि मागे त्यांचा संसार. मधे फुलाफुलांचा पडदा. दुकानातलं सगळं बोलणं तिच्या फोडणीत पडायचं. अमेरिकेत आज मतदान आहे, हेही तिला असंच कळलं होतं.

“पण काका, शेंगदाणे पिकवत असला तरी कार्टर माणूस तर चांगला ना?” जहाजांच्या एजंटाकडे कारकून असलेला सिराज विचारत होता. रत्नागिरीकडचाच मुलगा, रोज संध्याकाळी डोकावायचा. “रविवारी चर्चात पोरांना शिकवतो म्हणं.”

“म्हणून तर पडणार! भल्याला भितो कोण? वरीस झाला, त्याची माणसं इराणात कोंडलीत. हा बसलाय हात जोडून. मी सांगतो, रीगन येऊ दे. घोड्यावर बसणारा नट हाय तो. नुसती खुर्चीत मांडी घातलीन ना, की इराण खलास, इराक खलास, लढाई बंद. नदी मोकळी.”

“आणि तिथले लोक मत कशावर देतात ठाऊक हाय?” खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून बोललं. “पेट्रोलच्या भावावर.”

“देऊ देत कशावरही. आमची बोट सुटली म्हणजे झाला.”

रावजी-शेवंतीचा मुलगा शिवदास मालवाहू बोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामावर होता. इराण-इराकची लढाई पेटली तेव्हा बोट बसऱ्याच्या नदीत उभी होती. दोन्ही काठांवर तोफा, मधे अडकलेल्या बोटी. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

गिऱ्हाइकाने आरशात पाहिलं. “रावजी, आमची गुळगुळीत करतोस आणि तुझं हे काय जंगल? न्हाव्याचीच दाढी!”

“ही हिची हौस,” पडद्याकडे मान वळवून रावजी म्हणाला.

हौस नव्हती. बोट अडकल्याची बातमी आली त्या रात्री शेवंतीने त्याचे पाय धरले होते. तुम्ही देव मानत नाही, निदान पोरासाठी एवढं करा. तो सुखरूप दारात येईपर्यंत गालाला वस्तरा लावू नका. आला की ती दाढी आपण समुद्राला देऊ. रावजी कुरकुरला होता, धंद्याचं नुकसान म्हणाला होता. पण त्या दिवसापासून वस्तरा फक्त दुसऱ्यांच्या गालांवर फिरला.

डबे गेल्यावर ती देवापुढे बसली. कुणासाठी मागावं ते तिला सुचेना. तो कार्टर रोज प्रार्थना करतो म्हणे. देवाचं नाव घेणाऱ्याने पडावं असं कसं मागायचं? आणि तो पडल्याशिवाय पोर सुटणार नसेल तर? शेवटी ती एवढंच म्हणाली, “बाप्पा, तिकडच्या लोकांना माझा शिवदास माहीत नाही. तुला आहे.”

सकाळी चहा उकळत होता तेव्हा रेडिओवर बातमी आली. रावजीने स्टुलावरून उडीच मारली.

“पडला! शेवंते, शेंगदाणेवाला पडला! काय सांगत होतो मी?”

ती हसली. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा खुलला होता. ती वाटीत साखर घेऊन बाहेर आली, तर हा आरशासमोर उभा. गालांना फेस, हातात वस्तरा.

“अवो, हे काय करताय? पोर येऊ दे आधी.”

“आलाच म्हणून समज.”

“नको. तुमच्या पाया पडते. दारात येऊ दे त्याला. मग करा.”

“अगो, तो बापाला ओळखायला नको? दिवाळी तोंडावर आली, असा गोसावड्यासारखा बसू?” आणि त्याने पहिला हात मारला.

फेसाखालून गाल निघत गेला, तसा शिवदासचा चेहरा दिसू लागला. अगदी तोच. तिने साखरेची वाटी तिथेच ठेवली.

गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं. रावजीने सगळ्यांना चहा पाजला. ती समुद्रावर न्यायची म्हणून केस गोळा करायला बाहेर आली, तोवर त्याने केर लोटला होता. काळे, पांढरे, मेंदीचे, कुणाकुणाचे केस एकाच ढिगात. ती ओणवून बोटांनी निवडू लागली. मग थांबली, आणि ढीग तसाच केराच्या सुपलीत भरला.

जानेवारीत नट खुर्चीत बसला आणि त्याच दिवशी इराणने त्याची माणसं सोडली. “बघ!” रावजी म्हणाला. “आता आपली.”

पण नदी मोकळी झाली नाही. मोठ्या देशाची माणसं घरी पोचली आणि रेडिओवरून ते प्रकरण संपलं. तोफा चालूच होत्या. बोटीवरच्या बऱ्याच जणांना रस्त्याने कुवेतला आणलं. काहींना बोटीच्या राखणीला ठेवलं. शिवदासला बायको-पोरं नव्हती, म्हणून तो मागे राहिला.

उन्हाळ्यात एके दिवशी सिराज भरदुपारी आला. खुर्चीत बसला नाही.

“काका, दुकान जरा बंद करा.”

पडद्याआडून तिने ऐकलं. गोळा इंजिनाच्या बाजूलाच पडला. बोट निम्मी पाण्याखाली गेली. हाती काही लागलं नाही.

ती रडली. रावजी हातातला टॉवेल घडी घालत राहिला. उलगडायचा, परत घालायचा.

देवळातले भटजी म्हणाले, देह नसला तरी दर्भाची प्रतिमा करून सगळं करता येतं. वडलांनी दाढीसकट क्षौर करून बसायचं. शेवंतीने घरी येऊन सांगितलं. बातमी आल्यापासून रावजीने गालाला हात लावला नव्हता; खुंट पांढरे दिसत होते.

“नाय,” तो म्हणाला.

“अवो, त्याला गती मिळायला नको? असा किती दिवस पाण्यात ठेवणार पोराला?”

“कुणी बघितलाय त्याला?”

“सिराज सांगतो...”

“रेडिओपण सांगत होता.” त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. “एकदा घाई केली मी, शेवंते. आता नाय.”

विधीचं तिने पुन्हा काढलं नाही. दाढी केली त्या सकाळबद्दलही कधी बोलली नाही. राग मनात होता, पण जवळचं म्हणून तिच्याकडे दुसरं माणूसही नव्हतं. मंगळवार मात्र तिने सोडला नाही. काय मागायचं ते आता ठरत नसे, म्हणून नुसतीच बसायची.

त्या मतदानाला चार वर्षं झाली. अमेरिकेत पुन्हा मतदान, पुन्हा मंगळवारच. दुकानात एक नवखं गिऱ्हाईक होतं, कुठल्याशा कंपनीतला मराठी सुपरवायझर.

“काय म्हातारबाबा, रीगन परत येणार म्हणतात! तुमचा काय अंदाज?”

कात्री चालू राहिली.

“आणि एवढी छातीपर्यंत दाढी? कुणाचा नवस फेडायचाय?”

बाकावर बसलेल्या सिराजने मान खाली घातली.

“मान सरळ ठेवा, साहेब,” रावजी म्हणाला.

अजान झाली, गिऱ्हाइकं गेली. शेवंतीने दिवा लावला, उपासाचं ताट वाढलं आणि पडदा बाजूला करून हाक मारायला गेली. रावजी आरशाकडे पाठ करून बसला होता. त्या सकाळचा वस्तरा त्याने पुन्हा कुणाच्या गालाला लावला नव्हता. तो फडक्यातून काढून त्याने चामड्यावर सावकाश परजला, नखावर धार पाहिली, तेलाचं बोट फिरवलं.

“जेवायला या,” ती म्हणाली.

“आलो.” त्याने वस्तरा परत फडक्यात गुंडाळला. “गंज चढू द्यायला नको. पोर आला की लागंल.”

“हो,” शेवंती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पडदा धरून उभी राहिली.