झोळीत घडविलेला खांदा

मी, बाल्दिरी, व्यवसायाने गवंडी. आमच्या मानवी मनोऱ्यांच्या मंडळात मी एकवीस वर्षे दुसऱ्या थरावर उभा राहत आलो. पायांखाली एक मनुष्य, खांद्यांवर तिसरा, व त्यावर उर्वरित चार थर, असे माझे स्थान. परंतु या उन्हाळ्यात माझा डावा खांदा थरथरू लागला आणि मंडळप्रमुख युदाल्द यांनी सर्वांसमक्ष निर्वाणीचे शब्द उच्चारले.

"उत्सवाआधीच्या शुक्रवारी तुझा खांदा बघतो. हलला, तर तुझ्या जागी आपला राखीव गडी सदुर्नी. वाईट वाटून घेऊ नकोस."

"घेऊ दे की," सदुर्नी म्हणाला. "मी शर्ट इस्त्रीला टाकतो."

माझी पत्नी रेमेई हिने उपाय सुचविला. जुन्या तेलघाण्यात इरिया नामक दूरच्या गालिसिया प्रांतातील एक बाई छताला कापडी झोळ्या टांगून योगासने शिकवीत असत.

"तिथं सगळ्या बायकाच असतात," मी म्हणालो.

"मग? तुला काय खाणारेत? एलादिया मासळीवालीचे दंड बघितलेस? तिथंच कमावलेत."

प्रथम दिनी इरियाबाईंनी मला झोळीपाशी उभे केले. आता, कापड हाती आले की ते कमरेस गुंडाळावे, हा आम्हां मनोरेकऱ्यांचा जन्माचा संस्कार. लांबलचक शेला एकाने ताणून धरायचा आणि दुसऱ्याने गिरक्या घेत त्यात शिरायचे. मी झोळी पोटाशी दाबली व सहा गिरक्या घेतल्या. कापड पिळले, आखूड झाले आणि माझे चरण भूमीपासून सुटले.

"अहो, हे काय करताय?" इरियाबाई किंचाळल्या.

"शेला बांधतोय!"

तत्क्षणी माझे मस्तक खाली व पाय वर गेले. मनोऱ्यात वर चढणाऱ्यांच्या पायांनी ओढली जाऊ नये म्हणून धरतो, त्या सवयीने मी शर्टाची कॉलर दातांत धरली व तशाच अवस्थेत "पाया! पाया!" असा आक्रोश केला. वर्गातील आठही स्त्रिया आमच्याच मंडळाच्या, मनोऱ्याच्या तळाशी दाटीने उभे राहून पडणाऱ्यास झेलणारा 'पाया' रचणाऱ्या. त्या विद्युद्वेगाने धावल्या, एकमेकींच्या पाठीस छाती भिडवून, हात उंचावून, माझ्याखाली घट्ट उभ्या राहिल्या. इरियाबाई मध्यभागी सापडल्या.

"मला श्वास घेता येत नाहीये!"

"हनुवटी छातीला लाव गं," एलादिया म्हणाली. "वर बघू नकोस, नाक फुटेल."

सुटका झाल्यावर मी क्षमा मागितली. इरियाबाई केस सारखे करीत म्हणाल्या, "बाल्दिरी, इथं कुणाला पेलायचं नाही. स्वतःला उचला."

हे वाक्य मजसारख्या मनुष्यास फार जड गेले. पाय झोळीत, तळहात भूमीवर, देह फळीसारखा सरळ. पहिल्या दिवशी नऊ अंक मोजेतो कोसळलो. पुढे दोन्ही हातांनी कापड धरून छाती मुठींपर्यंत ओढण्याचा अभ्यास. मी घामाने निथळत असता एलादिया शेजारी उलटी लटकून बांगडा मासळीचा भाव सांगत असे. सहाव्या आठवड्यात मी फळीत साठपर्यंत टिकलो.

शुक्रवारी माझ्या खांद्यांवर तिसऱ्या थराचा फेलिउ चढला, त्यावर आणखी दोघे. सदुर्नी माझ्या डाव्या खांद्याकडे असा टक लावून राहिला, जणू मांजर बिळापाशी. खांदा हलला नाही.

"रविवारी उत्सवात बाल्दिरीच," युदाल्द म्हणाले व दुसऱ्या कामास लागले.

 

उत्सवानंतरच्या मंगळवारी तेलघाण्याच्या दारात पंचा घेऊन सदुर्नी उभा.

"पुढच्या वर्षी तुझा उजवा खांदा जाईल," तो मला म्हणाला.

एलादियाने त्याला माझ्या शेजारची झोळी दिली.