एका घरात एकच आई

सत्यम जन्मला त्याच दिवशी साळूबाईंनी ठरवून टाकलं, हा पोरगा आपल्याला आई म्हणणार. "आजी म्हणलं की म्हातारीच झाले ना मी," बाळंतिणीच्या खाटेवर बसून त्या हसत म्हणाल्या. त्यांच्या सुनेला, मंजुषाला, तेव्हा ते लाडाचं बोलणं वाटलं.

मंजुषा पाचोडची. नवरा नानासाहेब शेंद्र्याला कंपनीत होता आणि घर संभाजीनगरात, मुकुंदवाडीत. सासरे वारल्यावर करमाडची शेती बटाईनं दिली होती, म्हणून साळूबाई यांच्याचजवळ राहायच्या.

"मंजे, याचं दूध आण." "मंजे, याचे कपडे वाळले का बघ." दिवसभर घरात हीच हाक. पोरगं ती हाक ऐकतच बोलायला शिकलं. दुपट्यातून उठून चालायला लागलेल्या सत्यमनं एक दिवस ताटलीवर चमचा आपटला आणि म्हणाला, "मंजे, वरन आन." साळूबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. नानासाहेबही हसले. मंजुषानं वरण वाढलं.

सकाळी डबा देताना ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ना त्याला. आई म्हण म्हणावं मला."

"लेकरू आहे. जे ऐकतंय ते बोलतंय. सुधरंल मोठा झाल्यावर."

साळूबाई भजनाला गेल्या की ती सत्यमला पुढ्यात बसवायची. "मी कोण? म्हण, आई." पोरगं दाराकडं बोट करायचं, "आई भजनाला गेली." एकदा साळूबाई लवकर परतल्या आणि त्यांनी हे ऐकलं.

"चोरून शिकवती व्हय?" त्या चपला काढत म्हणाल्या. "ऐक मंजे. नाना धा वर्सांचा व्हईस्तोवर मला वैनीच म्हणायचा. आई म्हणायचा ते माझ्या सासूला. मी मेले का त्यानं? एका घरात एकच आई असती. तुझी पाळी येईन तवा तू व्हय."

बालवाडीत तर फारच झालं. "कोण आलंय रे घ्यायला?" बाईंनी विचारलं, तर सत्यम म्हणाला, "आमची मंजू." बाईंनी मंजुषाकडं बघितलं. ती धुण्यावरून तशीच आली होती. "उद्या याच्या आईला पाठवाल का जरा? बोलायचं होतं." आई मीच, हे पोराच्या देखतच सांगावं लागलं असतं. मंजुषा म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी साळूबाई इरकल नेसून शाळेत जाऊन आल्या आणि आठवडाभर शेजारणींना त्याच गोष्टी सांगत बसल्या.

मग शिवम झाला. तो बोबडं बोलायला लागला त्याच सुमारास साळूबाई न्हाणीत पडल्या. लकवा. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

"यांना सगळं कळतं," डॉक्टर म्हणाले. "फक्त बोलता येणार नाही."

"सगळं कळतं?" मंजुषानं विचारलं.

"सगळं."

तिनं सासूचं काही कमी केलं नाही. रोज अंग पुसायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. एक जखम होऊ दिली नाही. शेजारणी म्हणायच्या, अशी सून मिळायला नशीब लागतं. शेजारणी गेल्या की ती शिवमला मांडीवर घेऊन खाटेजवळ बसायची.

"मी कोण?"

"आई."

"आणि ही?"

"साळी."

"शाब्बास. आता तिला जेवू घाल."

शिवमनं पेजेचा चमचा पुढं केला. "साळे, तोंड उघड."

साळूबाईंनी ओठ घट्ट मिटले. डाव्या डोळ्यातलं पाणी उशीवर ओघळलं. मंजुषानं वाटी उचलली. "भूक नसंल तिला. चल." दुपारी पोरगं पुन्हा तेच म्हणालं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

नानासाहेबांच्या कानावर ते एका रविवारी पडलं. "हे काय लावलंय?"

"लेकरू आहे," मंजुषा म्हणाली. "जे ऐकतंय ते बोलतंय."

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सत्यम तेव्हा चौथीत होता. शाळेतून आला की दप्तर टाकून सरळ खाटेकडं जायचा. "आई, आलो गं." साळूबाईंचा डावा हात त्याच्या डोक्यावर यायचा आणि घशातून घुरघुर आवाज निघायचा. मंजुषानं त्याला बाजूला ओढलं. "ती साळी आहे. आई मी."

सत्यमनं दोघींकडं बघितलं. मग म्हणाला, "तुलाबी आई म्हणतो. दोघींला म्हणतो. मग चालंल का?"

इतकी वर्षं तिला जे हवं होतं, ते पोरगं आपणहून द्यायला उभं होतं. नुसती मान हलवायची होती.

"नाही," ती म्हणाली. "एका घरात एकच आई असते."

खाटेवर साळूबाईंनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून सत्यमनं तिला मंजू म्हणणंही सोडलं. तो तिला काहीच म्हणेना. भूक लागली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा, ती वळून बघेपर्यंत. तिनं त्याला साळूबाईंच्या खोलीत जायची बंदी केली. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शन होतं, म्हणाली. मग तो बोळातून खिडकीशी जायचा आणि गजांतून हळूच "आई" म्हणायचा. मंजुषानं खिडकीही लावून घेतली.

साळूबाई गेल्या तेव्हा सत्यम शाळेत पेपर लिहीत होता. अंत्यविधी करमाडला करायचं ठरलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पोराला आणतो ना गाडीवर." मंजुषा म्हणाली, "कशाला त्याचा पेपर बुडवता?" नानासाहेब मान खाली घालून गाडीत बसले. सत्यम घरी आला तेव्हा खोली धुऊन झाली होती आणि खाट बाहेर उभी केली होती. तो रडला नाही. ओल्या फरशीवर बसून राहिला.

त्यानंतर मंजुषानं फार केलं. त्याच्या आवडीचे धपाटे, तापात उशाशी जागरणं. एकदा त्याचं डोकं पुसताना म्हणाली, "आता तरी म्हण रे."

"काय?" त्यानं विचारलं.

त्याला खरंच कळलं नव्हतं की काय, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

सत्यम पॉलिटेक्निकला गेला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत त्याचा मित्र मुनीब पहिल्यांदा घरी आला. मंजुषा पदराला हात पुसत बाहेर आली. मुनीब उठून उभा राहिला, "नमस्ते काकू."

सत्यमनं ओळख करून दिली. "ह्या शिवमच्या आई."

मुनीब हसला, थट्टा समजून. मग सत्यम हसत नाही हे बघून त्यानं हसू आवरलं. मंजुषानं दाराची चौकट धरली.

"बसा काकू तुम्हीपण," मुनीब ओशाळून म्हणाला.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत आली. गॅस पेटवला, आधण ठेवलं. बाहेर सत्यम मुनीबला कुठल्यातरी सरांची नक्कल करून दाखवत होता.

"आई, मलाबी चहा," शिवमनं माडीवरून हाक मारली.

तिनं ओ दिली नाही.